कानातली शिट्टी आणि दहा दिवसांचं मौन

प्रकरण माझंच आहे, म्हणून आधी टिपण देतो. वय पन्नाशीच्या अलीकडे. काम सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादर-टॉवेलच्या कारखान्यात जॉबरचं, म्हणजे माग जुळवायचे आणि बिघडले की उघडायचे. तक्रार : दोन्ही कानांत चोवीस तास बारीक शिट्टी, डाव्यात जरा जास्त. केलेला उपाय : विपश्यनेचं, म्हणजे बुद्धाच्या परंपरेतल्या ध्यानाचं, दहा दिवसांचं निवासी शिबिर, पूर्ण मौनात. निकाल : शिट्टी होती तशीच आहे, झोप मात्र लागायला लागली.

हे लिहायचं कारण एवढंच की शेडमध्ये माझं नाव घेऊन 'विपश्यनेनं कान बरा होतो' असं सांगितलं जातंय. ते खरं नाही. आणि 'काही फरक पडत नाही' हेही खरं नाही.

शेडमधला कान

आता बिनधोट्याचे रेपियर माग बरेच आलेत, पण आमच्या शेडमध्ये अजून जुने धोट्याचे माग आहेत. धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन मागाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळणारा लाकडी तुकडा. अशा शेडमध्ये आवाज ९५ ते १०० डेसिबलच्या घरात असतो. कानाला आठ तासांसाठी ८५ डेसिबलपर्यंतचा आवाज चालतो असं आरोग्यवाले धरतात, आणि त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करतात. म्हणजे ९७ डेसिबलला अर्धा तास. आमची पाळी बारा तासांची.

कानाच्या आत ज्या बारीक केसपेशी असतात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. सतत आवाजात राहिलेल्या माणसाची ऐकण्याची घट बहुतेक ४००० हर्ट्झच्या आसपास आधी दिसते. माझ्या कानाच्या चाचणीच्या आलेखातही बरोबर तिथेच खड्डा आहे. कानाकडून कमी यायला लागलं की मेंदू स्वतःच आवाज वाढवून ऐकायला बघतो आणि त्यातून शिट्टी उभी राहते, असं सध्या मानतात. डॉक्टरांनी एवढं समजावलं आणि म्हणाले, 'यावर गोळी नाही. सवय होईल.' सवय कशी करायची ते सांगायला त्यांना वेळ नव्हता. बाहेर रांग होती.

कारखान्यात शिट्टीचा त्रास नाही, कारण तिथं ती ऐकूच येत नाही. त्रास घरी. दिवसभर माग ऐकून आलेल्या माणसाला शांतता हवी असेल असं लोकांना वाटतं. मला रिकामी खोली नको असायची. टीव्ही मोठा, पंखा डिसेंबरातही चालू. 'अहो, आवाज कमी करा, खालच्या मजल्यावर ऐकू जातोय,' हे आमच्या घरातलं रोजचं वाक्य. रात्री दोनला जाग आली की पहाटेपर्यंत शिट्टी ऐकत पडायचं, आणि दुसऱ्या दिवशी मागात हात घालताना डोळे मिटायला लागायचे. जॉबरच्या कामात हे धोक्याचं आहे. धोटा उडाला तर तो कुणाला लागेल हे बघत नाही.

कुणी काय सांगितलं

विपश्यनेचं नाव बायकोनं काढलं. तिच्या ओळखीच्या एक शिक्षिका जाऊन आल्या होत्या. राज्य सरकारी नोकरदारांना या शिबिरासाठी परिवर्तित, म्हणजे पगारी, रजेची सोय आहे. आमच्यासारख्यांना नाही, बिनपगारीच. पण शिबिराला पैसे पडत नाहीत. राहणं, जेवण, सगळं आधी शिबिर केलेल्यांच्या दानातून चालतं, आणि एक तरी शिबिर पुरं केल्याशिवाय तुमचं दान घेतच नाहीत. हा नियम मला आवडला. चहाचे पैसे आधी कापणाऱ्या जगात राहतो आपण.

मित्रांनी अपेक्षेप्रमाणे 'का बे, संन्यास घेतो का?' केलं. आमच्या पॅकिंगमधला एक जण बौद्ध आहे. मी विचारल्यावर तो खूश होईल, असं मला वाटलं होतं. पण तो म्हणाला, 'बाबासाहेबांनी ५६ साली आम्हाला दिला तो धम्म माणसानं माणसाशी कसं वागायचं त्याचा आहे. डोळे मिटून बसायचं ते नंतर.' त्याची सख्खी बहीण मात्र दरवर्षी शिबिराला जाते. त्यांच्या घरात यावर वाद होतात, आणि ते नुसते घरातले वाद नाहीत, महाराष्ट्रभर चालू आहेत. मी सिद्धेश्वराला मानणारा, मी त्यात कुठे बोलणार?

ही शिबिरं भारतात सुरू करणाऱ्या सत्यनारायण गोयंकांची गोष्ट मला तेव्हा कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. ती पुढे शिबिरातल्या प्रवचनात ऐकली. गोयंका ब्रह्मदेशातले, मंडालेत १९२४ साली जन्मलेले मारवाडी व्यापारी. त्यांना अर्धशिशीचा भयंकर त्रास, इतका की मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागायची. १९५५ मध्ये ते विपश्यना शिकवणाऱ्या सयाजी (म्हणजे गुरुजी) ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन म्हणजे कुणी मठातले भिक्खू नव्हेत. ब्रह्मदेश सरकारचे महालेखापाल, ऑफिसात बसणारा माणूस. त्यांनी गोयंकांना सरळ नकार दिला. डोकेदुखी घालवायला येणार असाल तर येऊ नका, मन शुद्ध करायला येणार असाल तर या, असा त्याचा अर्थ. पुढे गोयंका त्यांच्याकडे चौदा वर्षं शिकले, १९६९ मध्ये भारतात आले आणि पुढे इगतपुरीचं धम्मगिरी हे विपश्यना केंद्र उभं राहिलं. या सगळ्याची सुरुवातच 'दुखणं घेऊन आलेल्याला परत पाठवण्या'ने झाली आहे, आणि आपण शेडमध्ये सांगत फिरतो की कानावर इलाज आहे.

फॉर्म आणि पहिला दिवस

केंद्र सोलापूरपासून काही तासांवर. फॉर्ममध्ये आजार, चालू औषधं, मानसिक त्रास यांचे रकाने असतात. मी कानाचं सगळं लिहिलं, रक्तदाबाची गोळी लिहिली. गोळी चालू ठेवायलाच सांगितलं. हा भाग लोक हलका घेतात. मोठ्या मानसिक आजाराच्या माणसाला ते घेत नाहीत, आणि ते योग्यच आहे. दहा दिवस मनाला करमणुकीची एकही खिडकी नसते. ज्याचं मन आधीच हललेलं आहे त्यानं तिथं एकट्यानं बसणं म्हणजे खेळ नाही.

आदल्या संध्याकाळी मोबाइल, पाकीट, पुस्तक, पेन सगळं जमा. तंबाखूही. मग पंचशील घ्यायचं, बुद्ध-धम्म-संघाला शरण जायचं. 'हे कुठल्याही धर्माचं नाही' असं शिबिरात वारंवार सांगतात. तंत्रापुरतं ते पटतं. पण 'बुद्धं सरणं गच्छामि' म्हणून झाल्यावर हे बुद्धाचं नाही असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. मी ते म्हटलं, मनापासून म्हटलं, आणि घरी येऊन सिद्धरामेश्वराचं दर्शनही घेतलं.

वेळापत्रक सगळीकडे सारखंच असतं. पहाटे ४ ला घंटा, साडेचार ते साडेसहा ध्यान, नाश्ता, ११ ला जेवण, संध्याकाळी ५ ला नव्या माणसांना चहा आणि थोडे मुरमुरे-फळ. जुन्यांना लिंबूपाणी. त्यानंतर रात्री काही नाही. दिवसाला दहा-साडेदहा तास बैठक, संध्याकाळी प्रवचन, साडेनऊला दिवे बंद. भुकेबद्दल लोक फार लिहितात. पाळीत डबा अवेळी खाणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही, म्हणून तो विषय सोडतो.

हातांचं मौन

बोलायचं नाही हे मला जड जाणार नाही असा माझा हिशेब होता. शेडमध्ये तरी कोण बोलतं? दोन मागांच्या मध्ये उभ्या माणसाला ओरडलेलं ऐकू येत नाही, म्हणून आम्ही हातानं बोलतो. दोन बोटांची कात्री केली की तार तुटली. मूठ फिरवली की बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, संपत आला. हनुवटी दाराकडे उडवली की मालक आलेत. शेडमधले तेलुगू बोलणारे मामा आणि मराठी बोलणारा मी अर्धं आयुष्य याच भाषेत भांडलो आहोत.

पण तिथलं आर्य मौन नुसतं तोंडाचं नसतं. खुणा नाहीत, चिठ्ठी नाही, डोळ्यांनी विचारपूस नाही. जेवणाच्या रांगेत पुढच्याच्या ताटातला चमचा पडला, माझा हात आपोआप उठला आणि मी तो धरून खाली आणला. असं दिवसभर. माझे हात किती बडबड करतात हे मला तिथं कळलं. जीभ गप्प होती, बोटं चुळबुळत होती. सोलापूरहून येणाऱ्या माग कामगाराला मी एकच सूचना देईन : तोंडाची काळजी करू नकोस, हातांची कर.

पंखा

खरं प्रकरण इथून सुरू होतं. खोलीत आम्ही दोघं. थंडीचे दिवस. पहिल्या रात्री मी पंखा लावला, खोलीतल्या दुसऱ्यानं उठून बंद केला. मी लावला, त्यानं पुन्हा बंद केला. बोलायचं नाही, खूण करायची नाही. अंधारात दोन माणसं एका बटणावरून भांडतायत आणि आवाज फक्त बटणाचा. तिसऱ्यांदा मी उठलो नाही.

दुसऱ्या दिवशी धम्मसेवकाशी, म्हणजे शिबिराची व्यवस्था बघणाऱ्या स्वयंसेवकाशी, बोललो. व्यवस्थेच्या अडचणीबद्दल त्यांच्याशी बोलायला परवानगी असते. कान, शिट्टी, पंखा, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'त्यांना दमा आहे. दुसरी खोली रिकामी नाही. आचार्यांना दुपारी भेटा.'

पहिले साडेतीन दिवस आनापान. नाकपुड्यांच्या खाली, वरच्या ओठाच्या वरच्या भागात श्वास येता-जाताना जो स्पर्श होतो तो जाणायचा. श्वास मुद्दाम घ्यायचा नाही, मंत्र नाही, मोजणी नाही. सभागृहातली ती शांतता मला सोसवेना. शिट्टी एवढी मोठी झाली की शेजारच्याला ऐकू जात असेल असं वाटे. हे कानाच्या डॉक्टरला विचारलं तर तो नवल करणार नाही. भोवतालचा आवाज गेला की ही शिट्टी जास्त जाणवते, म्हणून तर या रुग्णांना मंद आवाज सोबतीला ठेवायला सांगतात. म्हणजे ऐकण्याच्या वैद्यकीच्या दृष्टीनं मी नेमक्या उलट्या जागी येऊन बसलो होतो.

दुपारी सहायक आचार्यांपुढे बसलो. निवृत्त बँकवाले वाटावेत असे गृहस्थ. मी म्हणालो, 'साहेब, मला श्वास कळतच नाही, कानात एवढा आवाज आहे.'

ते म्हणाले, 'श्वास कानानं ऐकायचा आहे का?'

'नाही, स्पर्श.'

'मग कानाला राहू द्या त्याच्या जागी. तो आवाज बंद झाल्यावर सुरू करू, असं ठरवलंय का तुम्ही?'

ठरवलं होतं. अगदी तसंच ठरवलं होतं, फक्त कुणी विचारलं नव्हतं.

त्या रात्रीही पंखा बंद. पण शिट्टी थांबायची वाट न बघता ओठावरच्या त्या चतकोर जागेवर राहायचं, हे करून बघितलं. जमलं असं नाही. श्वास दोन-चार घेतले की मन कानात. पुन्हा ओठावर. पुन्हा कानात. झोप कधी लागली कळलं नाही, आणि चारच्या घंटेनं उठवलं तेव्हा आधी घंटा ऐकली, मग शिट्टी. एरवी शिट्टी पहिली असायची.

जबडा

चौथ्या दिवशी विपश्यना देतात. डोक्यापासून पायापर्यंत मन फिरवायचं, जिथं जी संवेदना असेल ती जाणायची, प्रतिक्रिया द्यायची नाही. आणि मग अधिष्ठान : तास-तासाच्या तीन सामूहिक बैठकांत हात-पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. गुडघ्यांचं काय होतं ते कुणालाही विचारा, माझं काही वेगळं नाही.

वेगळं होतं ते कानाजवळ. मन कपाळावरून कानशिलावर, तिथून खाली आलं आणि जबड्यापाशी अडलं. दात एकमेकांवर घट्ट दाबलेले. कानाखालचा स्नायू दोरीसारखा. मी ते सोडलं. दोन श्वासांत पुन्हा आवळलेलं. वर्षानुवर्षं मी त्या आवाजाविरुद्ध दात खाऊन बसलो होतो म्हणायचं, शब्दशः.

आणि जबडा सुटला की शिट्टीचा सूर किंचित बदलायचा. डावीकडची जरा खाली यायची. यात चमत्कार नाही. जबड्याच्या आणि मानेच्या हालचालीनं कानातल्या आवाजाची पट्टी बऱ्याच रुग्णांत बदलते, ही वैद्यकीतली जुनी ओळखीची गोष्ट आहे. पण मला तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि मला वाटलं, सापडलं! पुढच्या बैठका मी शरीरभर फिरणं सोडून जबड्यावर बसलो. सोड, ऐक, उतरली का? सोड, ऐक, उतरली का? जॉबरचं डोकं, बोल्ट सापडला की फिरवत बसणार. एकदा इतकी उतरली की आनंदानं अंगावर काटा आला, आणि पुढच्या बैठकीत ती पूर्वीपेक्षा मोठी. त्या संध्याकाळी मला रडू आलं आणि बॅग भरावीशी वाटली. दहापैकी सर्वांत वाईट दिवस तो.

आचार्यांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, 'जबडा आवळलेला आहे हे कळलं, चांगलं झालं. सुटला, चांगलं. पण आता तुम्ही ध्यान करत नाही, शांतता मागताय. आवाजाचा द्वेष होता, आता आवाज नसण्याचा लोभ आहे. गाठ तीच. पायापर्यंत जा.'

पायापर्यंत गेलो. कंटाळवाणं काम आहे हे, कुणी गोड करून सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. टाळू, कपाळ, कान, जबडा, खांदे, आणि खाली. कान हा वाटेतला एक थांबा, टर्मिनस नाही. उरलेल्या दिवसांत शिट्टी कधी वाढली, कधी घटली. मी तिची नोंद ठेवणं सोडलं, एवढंच झालं. गोयंकांचा ध्वनिमुद्रित आवाज 'अनिच्च' म्हणतो, अनित्य. माझी शिट्टी काही अनित्य दिसत नाही, जन्मभराची आहे. पण नीट लक्ष दिलं तर तीही एकसुरी नाही; थरथरते, सरकते. हे मला एवढ्या वर्षांत कळलं नव्हतं, कारण ऐकताना मी कायम दात खात होतो.

दहाव्या दिवशी सकाळी मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतण्याची साधना, झाली आणि मौन सुटलं. खोलीतला जोडीदार पहिलं वाक्य बोलला ते असं : 'पंख्याबद्दल माफ करा बरं का.' तो सांगोल्याकडचा डाळिंबवाला. त्यालाही माझा तितकाच राग आला होता.

हिशेब

परत आल्यावर पुन्हा कानाची चाचणी केली. आलेख तोच, ४००० हर्ट्झचा खड्डा तोच. मेलेली पेशी बसून जिवंत होत नाही. पंखा हिवाळ्यात बंद असतो. रात्री जाग आली तर जबडा बघतो, ओठावर येतो, बहुतेक वेळा पुन्हा झोप लागते. सकाळ-संध्याकाळ तासभर बसायला सांगतात. सकाळचं होतं, संध्याकाळचं पाळीमुळे होत नाही. टीव्हीवरून भांडण कमी झालं, बंद नाही.

असा परिणाम का होत असावा, याला शिबिराबाहेरही आधार आहे. लंडनमध्ये अशाच ७५ रुग्णांवर केलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना सजगतेवर बेतलेले मानसोपचार, निम्म्यांना अंग सैल सोडण्याचं शिक्षण. दोन्ही गटांचा जाच कमी झाला, सजगतावाल्यांचा जास्त. पण तो आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, मानसशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली. दहा दिवस एकदम, सगळी शांतता एकाच घोटात, हा वेगळा प्रकार आहे. मला तो झेपला, कारण दुपारी जाऊन बोलायला समोर समजूतदार माणूस होता. दुसऱ्या दिवशी पंखा मिळाला असता तर काय झालं असतं, हा विचार अजून येतो. कदाचित मी जास्त सुखात राहिलो असतो आणि काहीच कळलं नसतं.

मालकांकडे कानात घालायचे प्लग मागितले. ते आले, स्वस्त असतात. पण घालायला कुणी तयार नाही, आणि कारण आळस हे नाही. आमचा माणूस माग कानानं चालवतो. धोटा पेटीत नीट बसतोय का, पट्टा सैल झाला का, हे आवाजात आधी कळतं, कापडात नंतर. कान बंद केला तर माग आंधळा होतो. यावर ध्यानाचा काही उपयोग नाही. हा शेडच्या बांधणीचा, यंत्रांच्या देखभालीचा आणि पाळीच्या तासांचा प्रश्न आहे. त्याला मन शांत ठेवा हे उत्तर देऊ नये, कारखान्यानं तर मुळीच देऊ नये.

मामांनी सगळं ऐकून एकच विचारलं, 'तंबाखू चालते का तिथं?'

नाही म्हटलं.

'मग राहू दे.'

पण माझ्या आग्रहावरून त्यांनी कानाची चाचणी करून घेतली. त्यांची घट माझ्यापेक्षा बरीच जास्त निघाली. आता ते एक प्लग घालतात, डाव्या कानात. उजव्यात घालत नाहीत. त्या कानानं माग ऐकायचा असतो म्हणे.